खुर्द्यावरचं एक अक्षर

नेपोलियनच्या काळातली नाणी म्हटलं की आधी सोन्याची आठवतात. पण त्याच्या राज्यातल्या पाववाल्यांच्या आणि शिपायांच्या हातात खेळला तो खुर्दा. १८०७ ते १८१० या वर्षांतलं दहा सांतीमचं नाणं तळहातावर जेमतेम जाणवतं. वजन २ ग्रॅम, धातू हिणकस: पाच भागांत चांदी एकच, बाकी तांबं. सम्राटाच्या चेहऱ्याच्या जागी मुकुटाखाली नुसतं ‘एन’ हे अक्षर. अशा नाण्याला चिंच-मीठ लावून चकाकी आणायचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्यावरचा चांदीचा थर फार पातळ असतो.

पाव फ्रँक मात्र चांदीचा, सव्वा ग्रॅमचा. त्याच्या एका बाजूला ‘सम्राट नेपोलियन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फ्रेंच प्रजासत्ताक’! राज्याभिषेक १८०४मध्ये झाला, तरी फ्रेंच नाण्यांवर प्रजासत्ताक १८०८पर्यंत टिकून होतं. सुरुवातीच्या नाण्यांवर वर्षही क्रांतीच्या पंचांगातलं आहे. त्यातलं चौदावं वर्ष २३ सप्टेंबर १८०५ला लागलं आणि १ जानेवारी १८०६पासून ते पंचांगच रद्द झालं. शंभर दिवसांच्या त्या वर्षाची छाप दिसली की संग्राहकाचा हात थबकतो.

नाणं कुठे पाडलं, हे टांकसाळीच्या खुणेवरून कळतं. ‘ए’ पॅरिसची, ‘डब्ल्यू’ लीलची, ‘यू’ तुरीनची, तर मुकुटधारी ‘आर’ थेट रोमची. भाऊ जेरोमच्या वेस्टफालियातही सांतीमच चालले. त्यांवर ‘एचएन’ ही जोडाक्षरी, म्हणजे हिएरोनिमस नेपोलियन. ते राज्य १८०७मध्ये उभं राहिलं आणि १८१३मध्ये कोसळलं.

सगळ्यांत बोलकी नाणी आहेत ती वेढ्यातली. १८१४मध्ये अँटवर्प शत्रूने घेरलं, तेव्हा तिथली किल्लेदारी लाझार कार्नोकडे होती. नेपोलियनने सम्राट व्हावं की नाही, यावर दहा वर्षांपूर्वी ट्रिब्युनेट या सभागृहात एकट्याने उभं राहून विरोध करणारा तो हाच. त्याच कार्नोच्या अमलाखालच्या शहरात पाच आणि दहा सांतीमची ओबडधोबड, जाड नाणी पाडली गेली. त्यांवर ‘एन’ आहे, भोवती पानांची माळ आहे आणि ‘वेढ्यातलं नाणं’ अशी स्पष्ट नोंदही आहे. एप्रिलमध्ये नेपोलियनने गादी सोडली आणि अठरावा लुई आला. लगेच त्याच शहराच्या, त्याच सालच्या नाण्यांवर लुईचा ‘एल’ उमटला.

स्ट्रासबुर्गने हा पालट आणखी जवळून पाहिला. एल्बाहून परतलेला नेपोलियन १८१५मध्ये पुन्हा गादीवर बसला, वॉटर्लूनंतर पुन्हा उतरला. १८१४ आणि १८१५ या दोन सालांचे तिथले ब्राँझचे देसिम, म्हणजे दहा सांतीमची नाणी, ‘एन’चेही मिळतात आणि ‘एल’चेही. टांकसाळीची खूण दोन्हींवर एकच, ‘बीबी’. जाणते संग्राहक ते एकाच खणात शेजारी-शेजारी ठेवतात.