दीड टनाचं कोडं

मार्च लागला की आमच्या सोसायटीत एसीवाले काका दिसू लागतात. खांद्याला पिशवी, हातात पाणी मारायचा छोटा पंप, खिशात टेस्टर. परवा ते आमच्याकडे सर्व्हिसिंगला आले, तेव्हा शेजारची चौथीतली मुलगीही मागोमाग आत आली. "केवढा आहे हो हा एसी?" तिने विचारलं. "दीड टनाचा," काका म्हणाले. ती झटकन भिंतीपासून दोन पावलं मागे सरकली. दीड टन म्हणजे पंधराशे किलो! एवढं वजन भिंतीवर टिकतं कसं?

शंका अगदी रास्त होती. पण हा टन एसीच्या वजनाचा नाही, बर्फाचा आहे. गारवा देणारी यंत्रं नव्हती, तेव्हा लोक बर्फ विकत आणत. १८३३ मध्ये तर अमेरिकेतल्या बोस्टनजवळच्या तळ्यांचा बर्फ चार महिने समुद्रातून प्रवास करून कोलकात्याला पोचला होता! पुढे यंत्रं आली आणि त्यांची ताकदही बर्फातच मोजायची पद्धत पडली. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून ओढणारं यंत्र एक टनाचं. हा टन अमेरिकी, ९०७ किलोंचा. म्हणजे आमचा एसी दिवसरात्र पूर्ण जोरात चालला, तर जवळजवळ १,३६० किलो बर्फाचं काम एकटा करेल.

एसी गारवा तयार करत नाही बरं का, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. हाताला सॅनिटायझर लावलं की ते उडून जाताना हात गार पडतो ना? एसीच्या तांब्याच्या नळ्यांत तसंच काहीसं चालतं. हल्लीच्या बऱ्याच एसींत आर-३२ नावाचा पदार्थ असतो. मोकळ्या हवेत तो उणे ५२ अंशांना उकळतो. नळीतल्या दाबाखालीसुद्धा पाच-दहा अंश त्याला पुरतात. त्याच्या दृष्टीने आपली खोली म्हणजे पेटलेली चूल! तो उकळतो, खोलीची उष्णता घेतो आणि बाहेरच्या युनिटमध्ये जाऊन ती सोडतो. बाहेरच्या पंख्यासमोरचा तो गरम वारा आठवतोय? तुमच्या खोलीतली उष्णताच निघालेली असते ती.

एवढी हमाली फुकट होत नाही. असा एसी पूर्ण जोरात असताना साधारण सहा-सात अँपिअर वीज खेचतो. तेवढ्यात नऊ वॉटचे दीडशेहून जास्त एलईडी दिवे लागतील. म्हणून त्याची वायर जाड, प्लग मोठा, सोळा अँपिअरचा. बारीक वायरीच्या एक्स्टेंशन बोर्डावर तो लावला, तर वायर तापते, प्लास्टिक वितळतं, आगही लागू शकते. प्लगजवळ तपकिरी डाग दिसला किंवा जळका वास आला, तर हात न लावता लगेच मोठ्यांना हाक मारा.

काकांनी आधी बटण बंद केलं, मग एमसीबी नावाचा स्विच खाली पाडला, मग प्लग काढून आम्हाला दाखवला. तीन पिना. वरची जाड आणि बाकीच्या दोघींहून लांब. घरातल्या सगळ्या वस्तूंत मला हीच सर्वांत आवडते. जाड असल्यामुळे ती विजेच्या भोकात शिरूच शकत नाही. लांब असल्यामुळे सॉकेटमध्ये सगळ्यांच्या आधी टेकते आणि सगळ्यांच्या शेवटी सुटते. तिची वायर थेट जमिनीत पुरलेल्या धातूपर्यंत जाते. समजा, उंदराने वायर कुरतडली आणि वीज एसीच्या पत्र्यात उतरली. ही जमिनीशी जोडणी, म्हणजे अर्थिंग, नीट असेल, तर ती तुमच्या अंगातून न जाता या सोप्या वाटेने भसकन जमिनीकडे धावते. तेवढ्या लोंढ्याने एमसीबी पडतो आणि वीज बंद! ही पिन तोडून दोन पिनांवर भागवणं मला अजिबात मान्य नाही.

काही घरांत मीटरजवळ आणखी एक पहारेकरी असतो, आरसीसीबी. घरात वीज किती गेली आणि किती परत आली, याचा तो सतत हिशेब ठेवतो. ३० मिलीअँपिअरची तूट आली की क्षणात वीज तोडतो. एसी खेचतो त्याचा हा जेमतेम दोनशेवा भाग! पण माणसाच्या छातीतून तेवढी वीज गेली, तरी जिवावर बेतू शकतं. कुणाला शॉक बसत असेल तर त्याला शिवायचं नाही, आधी मेन स्विच पाडायचा.

वीज बंद करूनही काका बाहेरच्या युनिटला लगेच हात लावत नाहीत. आत कपॅसिटर नावाचा डबीसारखा भाग असतो. त्यात वीज साठून राहते आणि प्लग काढल्यावरही झटका देऊ शकते. त्या युनिटचं झाकण काकांनीच उघडायचं.

आपल्या वाट्याचं काम म्हणजे फिल्टरची जाळी. तीही वीज बंद करून, मोठ्यांसोबत. आमची जाळी नळाखाली धरली, तर काळं पाणीच आलं! जाळी तुंबली की हवा आत जात नाही, नळ्यांना उष्णता मिळत नाही आणि त्या इतक्या गार पडतात की त्यांच्यावर चक्क बर्फ धरतो. एसीत बर्फ आणि खोलीत उकाडा!

जाळी वाळली, एसी सुरू झाला आणि थोड्या वेळाने पाईपमधून बादलीत थेंब पडायला लागले. "गळतोय!" शेजारची मुलगी ओरडली. गळत नव्हता. गार नळ्यांवर हवेतली वाफ पाणी होऊन जमते. खरं तर एसीचा जन्मच या दमटपणामुळे झाला. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि चित्रातले रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. हवा कोरडी करण्यासाठी पंचवीस वर्षांच्या विलिस कॅरियरने यंत्र आखलं.

ती बादलीशी उकिडवी बसून थेंब मोजत होती. मी तिला सांगितलं, आपण तिघं मघापासून या खोलीत बोलतोय ना, आपल्या श्वासातली वाफही यात उतरली असेल. तिने बादलीवर हळूच फुंकर मारली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.