उन्हाळा आहे म्हणून टायरची हवा कमी करू नका

रक्तदाब वाढलेला माणूस बहुतेक वेळा ‘मला काहीच त्रास नाही’ असेच सांगतो. टायरचेही तसेच असते. हवा कमी झाली तरी गाडी चालत राहते आणि दोष कळतो तो एकदम, भर रस्त्यात. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जखमींसोबत आलेले नातेवाईक ‘टायर फुटला’ एवढेच सांगतात. तो का फुटला असेल, हा प्रश्न मागेच राहतो.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. गावात भाजी आणण्यापुरता फिरणारा कमी हवेचा टायर महिनोन्महिने निभावून नेतो. तोच टायर तापलेल्या सिमेंट रस्त्यावर, भरलेल्या गाडीखाली, तासभर सलग पळवला की त्याची खरी परीक्षा होते.

‘उन्हाळ्यात हवा तापून फुगते, म्हणून दोन-चार पॉइंट कमीच ठेवा,’ हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकला आहे. तो घातक आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. तार वारंवार वाकवली की ती गरम होते, तसेच रबर आतून तापते. उष्णता वाढत गेली की आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि टायर फाटतो.

तापल्यावर दाब वाढतो, हे खरेच. तापमान साडेपाच अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. सकाळी ३३ असलेला दाब प्रवासात ३७-३८ दिसू शकतो. कंपनीने हे गृहीत धरूनच थंड टायरचा आकडा दिलेला असतो. त्यामुळे गरम टायरमधली हवा सोडू नका.

योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तेवढी हवा भरायची नसते. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा, जास्त दाब दिलेला असतो. सहकुटुंब शिर्डीला निघताना तो पाहा. गाडी किमान तीन तास उभी असताना, पहाटे घराजवळच्या पंपावर, महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी दाब मोजा. स्टेपनी विसरू नका. नायट्रोजन भरला तरी तपासणी टळत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

२०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर टायरची तपासणी सुरू केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. पण गुळगुळीत टायर डोळ्यांना दिसतो, कमी दाब दिसत नाही. नव्या गाड्यांत त्यासाठी सूचना देणारा दिवा असतो. टायर फुटून मोटारी उलटण्याच्या घटनांनंतर अमेरिकेने २००० साली कायदा केला आणि पुढे ही यंत्रणा सक्तीची झाली. मात्र तिथल्या नियमानुसार दाब २५ टक्के घटल्यावर दिवा लागला तरी चालतो. म्हणजे ३३ चा दाब २५ पर्यंत उतरेपर्यंत तो गप्प राहू शकतो. दाब मोजण्याला पर्याय नाही.

एवढे करूनही टायर फुटलाच, तर जोरात ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढा आणि वेग उतरला की कडेला घ्या. गाडी उलटली, तर पट्टा न लावलेला माणूस आतच आपटतो किंवा बाहेर फेकला जातो. डोके आणि मणक्याच्या सर्वांत गंभीर जखमा तिथेच होतात. म्हणून मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा.

हवा तपासायला पाच मिनिटे लागतात. मणक्याची जखम मात्र आयुष्यभर सोबत राहू शकते.