जुनी होडी सांधावी की नवी घ्यावी?
डिंभ्याच्या काठावरील मच्छिमारांपुढचा दर उन्हाळ्यातील पेच

जुन्नर - उन्हाळा सरत आला, की डिंभे धरणाचे पाणी झपाट्याने खाली जाते. एरवी पाण्याखाली असणारी जमीन उघडी पडते आणि तिच्यावर उपड्या घातलेल्या होड्या दिसू लागतात. पर्यटकाला हे दृश्य रम्य वाटते. मच्छिमाराला मात्र याच दिवसांत एक निर्णय घ्यावा लागतो. आपली होडी आणखी दोन-तीन हंगाम काढील काय? काढणार असेल तर तिच्यावर किती खर्च करावा? आणि नसेल, तर नव्या होडीसाठी पैसा आणायचा कोठून?

समुद्रकिनाऱ्यावर हा प्रश्न जुनाच आहे. सह्याद्रीच्या माथ्याजवळ तो उभा राहण्याचे कारण धरणे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत आहेत. त्यांचे पाणी कालव्यांवाटे शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि थेट करमाळ्यापर्यंत जाते. घोड नदीवरील डिंभे हे त्यांतील सर्वांत मोठे. त्याची साठवणक्षमता सुमारे 13.5 टीएमसी असून, तालुक्याचेच सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव या जलाशयाला दिलेले आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ गावही याच पाण्याखाली गेले.

जमिनी गेलेल्यांत महादेव कोळी समाजाची कुटुंबे मोठ्या संख्येने होती. नावात 'कोळी' असल्यामुळे शहरी वाचकाची येथे हमखास गफलत होते. महादेव कोळी ही डोंगरात भातशेती करणारी आदिवासी जमात आहे. किनाऱ्यावरच्या कोळ्यांप्रमाणे मासेमारी हा तिचा परंपरागत धंदा नव्हे. नदीतील मासेमारीची जाण होती ती प्रामुख्याने कातकऱ्यांना. शेत बुडाले, समोर पाणी आले आणि त्या पाण्यातूनच पोट भरण्याची वेळ आली, अशा क्रमाने येथील मासेमारी उभी राहिली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने या कुटुंबांबरोबर दीर्घकाळ काम केले. धरणग्रस्त आदिवासींची मच्छिमार सहकारी संस्था उभी राहिली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने जलाशयात पिंजरे लावून मत्स्यबीज वाढविण्याचे तंत्र येथे आणले. या सगळ्या कामाची दखल घेऊन 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमातर्फे दिला जाणारा 'इक्वेटर' पुरस्कार 'शाश्वत'ला मिळाला.

पुरस्काराची बातमी होते, होडीची होत नाही. परंतु कटला, रोहू, मृगळ कितीही वाढले तरी संध्याकाळी जाळे लावायला आणि पहाटे ते उचलायला होडीच लागते. ज्यांच्याकडे ती नसते, ते ट्रकच्या चाकाच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. राज्यातील अनेक धरणांवर हे चित्र दिसते. ट्यूबवर बसलेल्या माणसाचे पाय पाण्यात असतात. वळवाच्या वाऱ्यात अडकल्यास त्याला काठ गाठणे कठीण जाते. म्हणूनच मोडकळीला आलेली होडी निकालात काढणे म्हणजे कित्येकदा पुन्हा ट्यूबवर जाणे असते.

किनारा आणि धरण

किनाऱ्यावर होडी बिघडली तर हाताशी कारागीर असतो. रत्नागिरी, हर्णै, करंजा, सातपाटी अशा बंदरांच्या आसपास नौका बांधणारे, फटी भरणारे आणि इंजिन उतरविणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घाटमाथ्यावरच्या सुताराचा हात मात्र नांगर, बैलगाडी आणि घराच्या वाशांवर बसलेला. फळीच्या सांध्यातून थेंबही आत येऊ न देणारे काम त्याला सहसा करावे लागलेले नसते. साहजिकच धरणावरील बहुतेक डागडुजी मच्छिमार स्वतःच करतो. हाताशी असेल ते डांबर, एम-सील किंवा पत्र्याचा तुकडा त्यासाठी वापरला जातो.

दुसरा फरक पाण्याचा आहे, आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव असतात. गोड्या पाण्यात त्यांचा उपद्रव नाही. त्यामुळे धरणातली लाकडी होडी अधिक टिकेल असे वाटते. वस्तुस्थिती अगदी तशी नाही. मीठ लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला काही अंशी रोखते, गोडे पाणी रोखत नाही. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. सदैव पाण्याखाली असणारी फळी त्यामुळे तुलनेने सुरक्षित राहते. कुजण्याची सुरुवात होते ती पाणरेषेपाशी, फळ्यांच्या टोकांना आणि आत पावसाचे पाणी साचते त्या कोपऱ्यांत. वरून रंग चांगला दिसत असला तरी आतला भाग भुसभुशीत झालेला असू शकतो.

तपासणी कशी करावी

होडी उलटी करून पंधरा-वीस दिवस सावलीत वाळवल्याशिवाय तिची खरी अवस्था कळत नाही. वाळल्यावर हातोडीने हलके ठोकत जावे. निरोगी लाकडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. जेथे शंका वाटेल तेथे टोकदार अवजार दाबून पाहावे. ते सहज रुतले, तर तेवढी फळी गेली असे समजावे. खिळ्यांभोवतीचे काळे डागही पाहावेत. लोखंडी खिळा गंजतो, तेव्हा त्याच्याभोवतीचे लाकूडही दुबळे होत जाते आणि जुन्या भोकात ठोकलेला नवा खिळा धरत नाही.

एक-दोन फळ्या खराब असतील, तर दुरुस्ती निश्चित परवडते. तळाचा मधला कणा आणि त्याला धरून असणाऱ्या आडव्या वाकांपैकी दोन-तीन कुजले असतील, तर मात्र प्रश्न बदलतो. ते बदलायचे म्हणजे होडी जवळजवळ सगळी उकलावी लागते. त्यातून जुनी म्हणून वाचते ती फक्त तिची आकृती.

येथेच 'वरून फायबर मारून घेऊ' हा सल्ला पुढे येतो. जुन्या लाकडी होडीवर काचतंतूंचे कापड आणि रेझिनचा थर चढविला, की ती नव्यासारखी दिसते आणि गळतीही थांबते. कल्पना मुळात चुकीची नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या लाकडावर रासायनिक प्रक्रिया करून, वर फायबरचे आवरण देऊन अंतर्गत जलाशयांसाठी होड्या विकसित केल्या आहेत. परंतु तेथे लाकूड नवे, वाळलेले आणि प्रक्रिया केलेले होते. जुन्या, ओलसर लाकडावर तोच थर चढविला तर ओल आत कोंडली जाते. स्वस्त पॉलिएस्टर रेझिन ओल्या लाकडाला नीट चिकटतही नाही. एपॉक्सी अधिक चांगले धरते, पण ते महाग पडते. परिणामी वर्ष-दोन वर्षांत आवरण सुटते आणि आत कुजका भुसा निघतो. शिवाय होडीचे वजन वाढते ते निराळेच. डिंभ्यासारख्या उतारत्या जलाशयात उन्हाळ्यात पाणी दूर गेल्यावर होडी चिखलातून ओढत न्यावी लागते. तेथे प्रत्येक किलोचा हिशेब असतो.

मूळ फायबरची होडी असेल, तर दुरुस्ती तुलनेने सोपी. पण तीही घाईने करण्यासारखी नाही. नाणे घेऊन तळावर ठोकत गेल्यास थर सुटलेल्या जागी आवाज पोकळ येतो. बारीक फोड आले असतील तर वरच्या गुळगुळीत आवरणातून पाणी झिरपले असे समजावे. गमतीचा भाग असा, की हे फोड खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात लवकर येतात. भोक पडले असेल तर नुसता वरून तुकडा डकवून चालत नाही. भोकाच्या सभोवार होडीच्या जाडीच्या साधारण बारापट रुंदीचा उतार घासून काढावा लागतो. म्हणजे पाच मिलिमीटर जाडीच्या तळाला सहा सेंटिमीटर. मग त्या उतारावर लहानाकडून मोठ्याकडे असे मॅटचे थर बसवावे लागतात. रेझिनमध्ये हार्डनर साधारण एक ते दोन टक्केच घालावयाचा असतो. रेझिनला वेग देणारे कोबाल्टचे द्रावण आणि हार्डनर ही दोन द्रव्ये परस्परांत थेट कधीही मिसळू नयेत, त्यातून स्फोट होऊ शकतो. काच घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून तोंडावर चांगला मास्क हवा. आणि हे काम पावसाळी दमट हवेत होत नाही, एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांतच उरकावे लागते.

पत्र्याच्या होडीचा न्याय सरळ आहे. गंज घासल्यावर पत्रा उरला तर वेल्डिंग, नाही उरला तर भंगार. फार पातळ झालेल्या पत्र्याला वेल्डिंग करू गेल्यास भोक बुजण्याऐवजी वाढत जाते.

तरंगण्याचा प्रश्न

दुरुस्तीच्या चर्चेत एक बाब हमखास राहून जाते. सागवान पाण्यापेक्षा हलके असते. लाकडी होडी पाण्याने भरली तरी सहसा तळाला जात नाही, तिला धरून माणूस तरंगू शकतो. फायबर आणि पत्रा हे दोन्ही पाण्यापेक्षा जड आहेत. त्यांच्या होडीत हवाबंद कप्पे किंवा थर्मोकोलचे ठोकळे नसतील, तर भरल्यावर ती बुडते. जुन्या फायबर होडीच्या बाकाखालचे कप्पे कित्येकदा तडकलेले असतात आणि त्यांत पाणी साचलेले असते. तळ दुरुस्त करताना हे कप्पे उघडून, कोरडे करून पुन्हा बंद केले नाहीत, तर गळती थांबलेली होडीसुद्धा धोकादायकच राहते. लाकडी होडीवरून फायबरच्या होडीकडे वळणाऱ्याने हे मुद्दाम ध्यानात ठेवावयास हवे.

पैशाचे गणित

आता खर्चाकडे. पुढील आकडे बाजारभाव नव्हेत, केवळ हिशेबासाठी घेतलेले आहेत. समजा, नवी छोटी होडी 60 हजार रुपयांना पडते आणि ती 12 वर्षे टिकते. म्हणजे वर्षाला 5 हजार. जुनीवर 12 हजार खर्च केले आणि ती 4 वर्षे चालली, तर वर्षाला 3 हजार. दुरुस्ती स्वस्त. पण नव्या होडीला निम्मे अनुदान मिळाले, तर तिचा वार्षिक खर्च अडीच हजारांवर येतो आणि पारडे फिरते. पारडे फिरविते ते अनुदान, होडीची गुणवत्ता नव्हे.

शासकीय योजनांचा कल नव्या होडीकडेच आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छिमारांना जुनी होडी बदलून नवी होडी व जाळी देण्याची तरतूद करण्यात आली. सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना 60 टक्के साहाय्य, असे तिचे सूत्र आहे. महादेव कोळी आणि कातकरी दोघेही अनुसूचित जमातींत मोडतात, त्यामुळे कागदावर ते वरच्या दरास पात्र ठरतात. अडचण निराळीच आहे. असे अनुदान बहुधा खरेदी झाल्यानंतर हाती येते. आधी संपूर्ण रक्कम उभी करावी लागते, आणि ज्याच्याजवळ ती आहे त्याला अनुदानाची निकड कमी असते. एक-दोन फळ्या बदलायच्या, रेझिनचा डबा आणायचा, वेल्डरला मजुरी द्यायची, असा बारीकसारीक खर्च प्रकल्प म्हणून मांडताच येत नाही. तो मासळीच्या पैशातून किंवा उसनवारीतून होतो.

याखेरीज ठेक्याचा मुद्दा आहे. जलाशयातील मासेमारीचा हक्क सहकारी संस्थांना साधारणतः पाच वर्षांसाठी ठेक्याने मिळतो. पुढील मुदतीत तो आपल्याच संस्थेकडे राहील, याची खात्री सभासदाला नसते. तसे असता बारा वर्षे टिकणाऱ्या होडीत पैसा गुंतविण्यास तो कचरतो, यात नवल नाही. चार वर्षे काढील एवढी दुरुस्ती ठेक्याच्या मुदतीशी अधिक जुळते. शहरातून पाहणाऱ्याला हा जुन्याचा हट्ट वाटतो. प्रत्यक्षात तो हिशेबी निर्णय असतो.

सामुदायिक दुरुस्तीने हा खर्च बराच कमी होऊ शकेल. किनाऱ्यावरील एखादा कारागीर उन्हाळ्यात आठ दिवस धरणावर आला, संस्थेने रेझिन आणि मॅट एकगठ्ठा आणले, तर दहा-बारा होड्या एकाच फेरीत होतील आणि दोन-चार तरुणांचा हातही त्या कामावर बसेल. जुन्नरहून माळशेज घाट उतरले, की कल्याणमार्गे किनारा काही तासांच्या अंतरावर आहे. एकेकाळी नाणेघाटातून बंदरांचा माल याच मुलखात चढत असे.

दुरुस्त झालेली लाकडी होडी लगेच खोल पाण्यात नेली जात नाही. उन्हाळ्यात वाळून आकसलेल्या फळ्यांमधून पहिल्या दिवशी पाणी येतेच. म्हणून ती काठालगत उथळ पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवतात. फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप आवळले जातात. त्यानंतर दोन माणसे आणि ओली जाळी यांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरून तिला एक रात्र तशीच उभी करावी. सकाळी तळाशी ओंजळभर पाणी असेल तर हरकत नाही. पोत्यांचा खालचा भाग भिजलेला असेल, तर होडी पुन्हा काठावर घ्यावी.