आधी काय लागेल?

तोरणमाळच्या घाटात गाडीतलं सगळं सामान रस्त्यावर काढावं लागलं, तेव्हा कळलं की 'पॅकिंग' हा बॅगेचा नाही, डोक्याचा विषय आहे.

गूळ गाडीतच होता. चांगला अर्धा किलो. फक्त तो नेमका कुठे होता, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मामांनी नुकतीच सेकंडहँड फोर बाय फोर घेतली होती आणि घरात एकच विषय होता, तोरणमाळला तंबू ठोकून दोन रात्री राहायचं. मामा, मामी, आजी, मामेबहीण, तिचा सातवीतला भाऊ आणि मी अशी सहा माणसं. शहाद्याहून सकाळी सातला निघायचं ठरलं, निघालो साडेनऊला. कारण सामान गाडीत मावेना. शेवटी नेहमीचं सूत्र वापरलं : जिथे फट दिसेल तिथे कोंब. ओट्यावर बसून बघत असलेली आजी एवढंच म्हणाली, "इतलं सामान कोठे ली चालनात?" आम्ही हसलो.

म्हसावद गेलं, राणीपूर गेलं, घाट सुरू झाला. या गडबडीत आजीचा नाश्ता नीट झालाच नव्हता. डायबिटीसची गोळी मात्र तिने वेळेवर घेतली होती. दोन-तीन वळणांनंतर ती गप्प झाली. कपाळावर घाम, हात थरथरायला लागले, काय विचारलं तर भलतंच उत्तर. मामी ओरडली, "शुगर लो झाली, गोड काढा काहीतरी!"

गाडी बाजूला लावली. गूळ किराणाच्या पिशवीत. पिशवी मोठ्या पातेल्यात. पातेलं तंबूच्या खाली. तंबूवर गाद्या, गाद्यांवर पाण्याचा कॅन. मागचा दरवाजा उघडला तर आधी दोन बॅगा अंगावर पडल्या. आम्ही वेड्यासारखं सामान रस्त्यावर फेकत होतो. तेवढ्यात मोटरसायकलवरून खाली उतरणारा एक दादा थांबला. काय झालं ते ऐकलं आणि खिशातून पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा काढून दिला. मामीने पाण्यात बुडवून बुडवून आजीला भरवला. दहा-पंधरा मिनिटांनी आजीने विचारलं, "गाडी काब्र उभी शे?"

ती बरी झाली. पण तो पुडा नसता तर? सहा माणसांचं दोन दिवसांचं सामान होतं आमच्याकडे, आणि कामाला आली ती अनोळखी माणसाच्या खिशातली वस्तू. कारण ती त्याच्या हाताशी होती.

जागेप्रमाणे नाही, वेळेप्रमाणे

त्या दिवसापासून मामांच्या घरात गाडी भरताना एकच प्रश्न विचारला जातो : आधी काय लागेल? 'कुठे मावेल' हा प्रश्न नंतरचा.

म्हणजे बघा, गाडी भरताना जे शेवटी ठेवतो ते आधी निघतं. मग ट्रिप उलटी आठवायची. रात्री झोपताना लागणारं सामान आधी आत. त्याच्या पुढे संध्याकाळचा स्वयंपाक. मागच्या दरवाजाच्या अगदी तोंडाशी तंबू, कारण पोचल्यावर सगळ्यात आधी तोच लागतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आसपास सूर्य मावळतो. अंधारात, थंडीत, मोबाइलच्या उजेडात तंबूचे खुंटे शोधण्याचा अनुभव आम्ही एकदा घेतला आहे. पुन्हा नको.

आणि एक पिशवी मात्र मागे जातच नाही. ती पुढच्या दोन सीटच्या मध्ये. त्यात गूळ किंवा साखर, ग्लुकोज, सगळ्यांची औषधं, टॉर्च, पाण्याची बाटली, रुमाल, उलटीसाठी पिशव्या, थोडी रोख रक्कम. घरात मामी तिला 'आजीची पिशवी' म्हणते. गाडीतला प्रत्येक जण, सातवीतला पोरगासुद्धा, ती डोळे मिटून काढू शकला पाहिजे.

शुगर कमी होण्याबद्दल डॉक्टर जे सांगतात तेही त्या पिशवीवर चिकटवलेलं आहे. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं वाट, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन. आणि कुणाचं इन्सुलिन असेल तर ते डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका आणि थेट बर्फाला चिकटवूनही नको. दोन्हीने ते खराब होतं.

वजनकाट्यावरची बेइज्जती

यंदा जायच्या आधी मामांनी एक भारी गोष्ट केली. भरलेली गाडी थेट वजनकाट्यावर नेली. पुढे कापसाचा ट्रॅक्टर, मागे कापसाचा ट्रॅक्टर आणि मध्ये आमची गाडी, वर बांधलेल्या गाद्यांसकट. काट्यावरच्या काकांनी विचारलं, "माल काय?" मामा म्हणाले, "फॅमिली." आधी रिकाम्या गाडीचं वजन केलेलं होतंच. वजाबाकी केली तर सामान निघालं १९० किलो. माणसं न धरता!

गाडीच्या मॅन्युअलमध्ये कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते माणसं आणि सामान मिळून. सरासरी ६० किलोची सहा माणसं म्हणजे ३६० किलो तिथेच संपले. आता पाण्याचा हिशेब बघा. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरलं तर सहा जणांना दोन दिवसांचे ६० लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे पाणी म्हणून आपण सातवा माणूसच गाडीत बसवतो. तोरणमाळ हे नांदतं गाव आहे, तिथे पाणी मिळतं. मग २० लिटरचा एकच कॅन न्यायचा आणि तिथे भरून घ्यायचा.

घरी येऊन आम्ही अर्धं सामान परत काढलं. लोखंडी खाट, मोठं पातेलं, दोन खुर्च्या, माझा भलामोठा स्पीकर. (हो, दुःख झालं.) स्वयंपाकाचंही मामीने सोपं केलं. पहिल्या दिवसाला दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. आपल्या आज्या-पणज्या प्रवासाला दशम्याच का न्यायच्या, ते कळलं. दुधात भिजवलेल्या, टिकाऊ, आणि चूलही पेटवायला नको. दुसऱ्यांदा काट्यावर सामान भरलं ११८ किलो.

फोर बाय फोर म्हणजे कवचकुंडलं नाहीत

कॉलेजात हल्ली थार, जिम्नी, गुरखा यांच्यावर जोरदार चर्चा चालतात. 'भावा, फोर बाय फोर आहे, कुठेही जाते.' जाते, खरंय. चारही चाकांना ताकद मिळाल्यामुळे चिखलात, वाळूत, सुट्या दगडांवर गाडी सहजासहजी अडकत नाही. पण 'जाते' आणि 'थांबते' यात फरक आहे. ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. फोर बाय फोरमुळे गाडी लवकर थांबत नाही, आणि वजन वाढलं की उलट उशिरा थांबते.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटरवर. रस्ता डांबरी आहे. वर जायला फोर बाय फोर लागतच नाही. उलट ज्या गाड्यांत ते लिव्हर किंवा बटणाने चालू करावं लागतं, त्यांत कोरड्या डांबरावर ते बंदच ठेवायचं असतं. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि ती एकमेकांना जोडलेली असली की गिअरवर ताण येतो. उतरताना खरी मदत होते खालच्या गिअरची. न्यूट्रलवर उतरायचं नाही. सतत ब्रेक दाबून ते तापवायचे नाहीत.

मग पॅकिंगचा इथे संबंध काय? खूप आहे. जड सामान टपावर गेलं की गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर गाडी जास्त झुकते. सगळं जड सामान अगदी मागे टाकलं की गाडी मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. म्हणून जड वस्तू, म्हणजे पाण्याचा कॅन, धान्य, गॅस, तळाला आणि मधल्या सीटच्या पाठीला टेकून. टपावर फक्त गाद्या, चादरी, चटया, आणि त्याही ताडपत्रीत गुंडाळून, दोरीने आवळून.

सामानाची थप्पी सीटच्या पाठीपेक्षा उंच नको. ताशी ५०च्या वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तरी मागचा सुटा कुकर थांबत नाही. तो सेकंदाला १४ मीटरच्या वेगाने पुढेच येतो. आणि पुढे कोण बसलेलं असतं? आजी.

छोट्या गाड्यांचंही एक सांगून ठेवते. पाच दरवाजांच्या जिम्नीत सगळ्या सीट वापरात असताना डिकी उरते २०८ लिटर. थारमध्ये मागच्या सीटच्या पाठीमागे जागा त्याहून कमी. म्हणजे 'चार जण प्लस तंबू प्लस बार्बेक्यू' हा रीलमधला सीन प्रत्यक्षात बसत नाही. तो बसवायला गेलात तर टपावर चढतो.

ज्यांना रोजच सामान बांधावं लागतं

यंदा पहाटे निघालो तेव्हा रस्त्यात एक पिकअप दिसली. दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुवा भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातकडे जातात. त्या पिकअपमध्ये अख्खं घर होतं. तळाला धान्याची पोती, त्यावर भांडी, गोधड्या, कडेला बांधलेल्या कोंबड्या. पाण्याचा हंडा मात्र हाताशी. बघताक्षणी कळत होतं की हे बांधणाऱ्याला 'आधी काय लागेल' हे कुणी शिकवायची गरज नाही. फक्त त्या सगळ्यावर माणसं बसली होती, लहान लेकरांसकट.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या डोक्यात एकच गोष्ट होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप चांदसैली घाटात कोसळली आणि त्यात तरुण मुलं गेली. आपल्याच वयाची.

त्या लोकांकडे बऱ्याचदा दुसरा पर्याय नसतो. डोंगरातल्या पाड्यावरून वेळेवर एसटी मिळतेच असं नाही. आपल्याकडे पर्याय असतो. तरी आपण पाच सीटच्या गाडीत आठ जण कोंबतो, दोघांना डिकीत बसवतो आणि 'ॲडजस्ट कर ना यार' म्हणतो. सामान काढून ठेवता येतं, माणूस काढून ठेवता येत नाही. म्हणून माणसं जास्त झाली तर दुसरी गाडी. तेवढे पैसे नसतील तर ट्रिप पुढच्या महिन्यात.

निघण्याआधी एवढं बघा

• टायरमधली हवा : भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. तो बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये सापडतो.

• जॅक, पाना, स्टेपनी : कुठे आहेत ते आधी बघा. सामानाखाली गाडला गेलेला जॅक म्हणजे आमचा गूळच.

• गॅस : पाच किलोचं छोटं सिलिंडर पुरतं. रेग्युलेटर काढून, झाकण लावून, उभं बांधा. काच थोडी उघडी ठेवा. तंबूच्या आत कधीही पेटवू नका.

• जागा : तंबू कुठे लावायचा ते वन विभागाला आणि गावात विचारून ठरवा. जंगलात शेकोटी नको. सुकलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.

• कचरा : जाताना एक रिकामी गोणी न्या. येताना ती भरलेली आली पाहिजे. तिच्यासाठी जागा आधीच ठेवा.

• नेटवर्क : सातपुड्यात रेंज जाते. नकाशा आधी डाउनलोड करा आणि घरी परतीची वेळ सांगून निघा.

यंदा आम्ही सातला निघायचं ठरवलं आणि सात वाजून पाच मिनिटांनी निघालो. यशवंत तलावाच्या बाजूला पोचल्यावर वीस मिनिटांत तंबू उभा राहिला, तोही उजेडात. घाटात जिथे मागच्या वर्षी सामान फेकलं होतं, तिथे मामांनी मुद्दाम गाडी थांबवली. मी विचारलं, "आजी, काही हवंय का?"

आजीने पुढे हात घातला, न बघता पिशवीतून गुळाचा खडा काढला, अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

पाच रुपयांच्या बिस्किटांचे दोन पुडेही होते त्या पिशवीत. ते आम्ही खाल्ले नाहीत. घाटात कुणाची तरी गाडी उभी दिसली तर द्यायला ठेवले आहेत.