तो झालेली ती, ती झालेला तो

मोरिको मोरिओका तीस वर्षांची आहे. कंपनीतली नोकरी तिनं स्वतःहून सोडली आहे आणि दुसरी शोधायची तिला मुळीच घाई नाही. घराचं दार लावून घ्यायचं, केस कसेतरी बांधायचे, बियरचा डबा जवळ ठेवायचा आणि संगणकासमोर ठाण मांडायचं, हा तिचा दिनक्रम. 'फ्रुइ द मेर' नावाच्या ऑनलाइन खेळात ती स्वतःसाठी एक पात्र घडवते. ते पुरुषाचं असतं. हायाशी त्याचं नाव, दिसायला देखणा, हातात तलवार. पण नवखा असल्यामुळे हायाशी पुन्हापुन्हा मरतो. अशा वेळी लिली नावाची गोड मुलगी मदतीला येते आणि दोघांची जोडी जमते. या लिलीच्या मागे कीबोर्डवर बोटं चालवणारा असतो युता साकुराई, एका कंपनीत नोकरी करणारा देखणा, पण लाजराबुजरा तरुण.

'नेतोजू नो सुसुमे' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेची मांडणी ही अशी आहे. रिन कोकुयो यांचं मूळ चित्रकथन 'कॉमिको' या डिजिटल व्यासपीठावर प्रसिद्ध होत असे. 'सिग्नल एमडी' या स्टुडिओनं 2017च्या शरद ऋतूत त्याची मालिका केली आणि दिग्दर्शन काझुयोशी यागिनुमा यांनी केलं. इंग्रजीत ती 'रिकव्हरी ऑफ अ‍ॅन एमएमओ जंकी' या नावानं ओळखली जाते. अ‍ॅनिमेतलं प्रेम बहुतेक वेळा शाळेच्या गच्चीवर, गणवेशात घडतं. ऑनलाइन खेळावर बेतलेल्या कथांमध्येही, म्हणजे 2012च्या 'सोर्ड आर्ट ऑनलाइन'पासून पुढे, नायक-नायिका अनेकदा शाळकरी वयाचेच असतात. इथे मात्र माणसं कमावती आहेत, थकलेली आहेत आणि स्वतःच्या वयाची त्यांना लाज वाटते.

खेळात पुरुषानं बाई होणं किंवा बाईनं पुरुष होणं, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. खेळणाऱ्यांना त्याचं काही विशेष वाटत नाही. अशा खेळांतल्या वर्तनाचा बरीच वर्षं अभ्यास करणारे निक यी यांना आढळलं, की स्त्री-पात्र घेणारे पुरुष हे पुरुष-पात्र घेणाऱ्या स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यामुळे लिलीच्या आड पुरुष असणं हा तिथला नेहमीचाच मामला. कुणाच्या आड कोण आहे, हे गुपित मालिकेनंही फार वेळ ताणलेलं नाही. प्रेक्षकाला ते लवकर कळतं, साकुराईला अर्ध्या वाटेवर कळतं आणि मोरिकोला सगळ्यात शेवटी. मधल्या काळात सगळं ठाऊक असूनही तो गप्प राहतो. मला विचाराल तर मालिकेतला सगळ्यात अवघड नैतिक पेच हाच आहे, आणि मालिका साकुराईला फारच स्वस्तात सोडते.

मग हे दोघं एकमेकांच्या जवळ येतात ते कशामुळे? याचं उत्तर खेळाच्या रचनेत आहे. हजारो लोक एकाच वेळी खेळतात अशा या खेळांमध्ये एकट्यादुकट्याला फारसं काही साधत नाही. एक 'टँक' पुढे राहून मार खातो, बाकीचे हल्ला करतात आणि 'हीलर' मागे उभा राहून सगळ्यांच्या जखमा भरत असतो. लिली हीलर आहे. म्हणजे हायाशी जिवंत राहतो का, याकडे सतत लक्ष ठेवणं हेच तिचं काम. रोज ठरल्या वेळी लॉगिन व्हायचं, गिल्डमधल्या, म्हणजे खेळातल्या आपल्या गटातल्या मंडळींची वाट पाहायची, कुणी चुकलं तर सांभाळून घ्यायचं, स्वतः चुकलो तर माफी मागायची. महिनोन्‌महिने हे चाललं की माणूस कसा आहे ते कळतं. त्याचा हुद्दा, पगार, वय किंवा चेहरा तेवढा कळत नाही. शिवाय बोलणं टाइप करून होतं, त्यामुळे उत्तर देण्याआधी दोन क्षण मिळतात. लाजऱ्या माणसाला ते दोन क्षण पुरतात.

जपानी संदर्भ ठाऊक नसले तर काही प्रसंग निसटतात. तिकडे नाताळची आदली संध्याकाळ ही प्रेमी जोडप्यांची मानली जाते. त्या रात्री तिशीतली मोरिको कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात जाते, तेव्हा तिचा संकोच कशापायी आहे हे तिथल्या प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. आणखी एक. जपानच्या सरकारी व्याख्येत नोकरी-शिक्षण-प्रशिक्षण यांपैकी काहीच न करणाऱ्या 'नीट' तरुणांची वयोमर्यादा 34 आहे. मोरिको त्या खान्यात बसते, पण लादलेल्या बेकारीमुळे नाही, स्वतःच्या मर्जीनं. मालिका तिला त्याबद्दल उपदेश करत नाही आणि तिची कीवही करत नाही, हे मला फार आवडलं.

मला सर्वांत भिडला तो भाग मात्र प्रेमाचा नाही. मोरिको पूर्वी दुसरा एक खेळ खेळत असे. तो बंद पडला आणि त्यासोबत तिथला जिवलग सोबतीही गेला. खरं नाव नाही, पत्ता नाही, शोधणार कुठे? खेळाचं जग कंपनीच्या सर्व्हरवर उभं असतं. कंपनीनं कळ दाबली की गाव उठतं. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' 2011च्या डिसेंबरमध्ये असंच मिटलं, तर 'सिटी ऑफ हीरोज' 2012च्या नोव्हेंबरमध्ये. त्याच महिन्यात जपानी कंपनीचा 'फायनल फँटसी 14' हा फसलेला खेळही थांबवण्यात आला. शेवटच्या घटकेला खेळाडू जमले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आकाशातून चंद्र कोसळला. तो खेळ 2013मध्ये नव्या रूपात परतला, पण सगळ्यांचं नशीब असं नसतं.

दोष सांगायचे तर योगायोगांचा अतिरेक. गिल्डचा म्होरक्या नेमका तिच्या नेहमीच्या कोंबिनीतला विक्रेता निघतो. साकुराईचा मिश्कील सहकारी कोईवाई तिला जुन्या नोकरीतल्या फोनवरच्या कामामुळे ओळखत असतो. आणि खुद्द साकुराई रस्त्यात तिला धडकतो. एवढ्या अवाढव्य शहरात हे सगळे चार गल्ल्यांत राहतात म्हणायचे!

योगायोग अती झाले, तरी मूळ गोष्ट अशक्य नाही; पडद्याआडून लग्नापर्यंत पोचणं आता अपवाद उरलेलं नाही. जपानच्या राष्ट्रीय लोकसंख्या संशोधन संस्थेच्या 2021च्या पाहणीत, अलीकडे लग्न झालेल्यांपैकी 13.6 टक्के जोडप्यांची ओळख समाजमाध्यमं, अ‍ॅप अशा इंटरनेटच्या मार्गांनी झालेली होती. आपल्याकडे 2023मध्ये पबजीवर जमलेली ओळख एका पाकिस्तानी महिलेला चार मुलांसह नेपाळमार्गे उत्तर प्रदेशात घेऊन आली, तेव्हा वाहिन्यांनी त्याचा तमाशा केला. दोन अनोळखी माणसं खेळता खेळता एकमेकांवर विश्वास कसा टाकू लागली, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. या मालिकेनं तोच प्रश्न शांतपणे विचारला आहे.

दहा भाग आहेत, साधारण चार तासांत संपतात. टीव्हीवर न दाखवलेला एक जादा भाग डिस्कसोबत आला होता. घरातला मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत हेडफोन लावून 'नुसतं खेळत' असेल, तर त्यांच्या शेजारी बसून बघा.