उलटा कटर आणि प्लायचं टेबल

फर्निचरचं काम चालू असलेल्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये हमखास एक टेबल दिसतं. ते कोणी विकत आणलेलं नसतं. सुतार आले की १८ मिलिमीटर प्लायचे तुकडे आणि चार रिपा जोडून ते उभं करतात, त्याच्या पोटाला कटर उलटा आवळतात आणि फटीतून पातं वर काढतात. झालं मशीन. घरातली सगळी कपाटं, पलंग, ट्रॉल्या त्याच्यावर कापल्या जातात. काम संपलं की टेबल मोडतं, आणि त्याचं प्लाय पुष्कळदा त्याच घराच्या माळ्यावर फळी म्हणून लागतं.

हा कटर मुळात फरशीवाल्याचा. त्याचं पातं ११० मिलिमीटरचं, मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या आसपास फिरणारं, दगड घासून कापण्यासाठी केलेलं. दातेरी पातं त्याला लावू नका, असं माहितीपत्रकात लिहिलेलंही असतं. पण कार्बाइडचे दात असलेलं चार इंची पातं त्यात बरोबर बसतं, आणि लाकडासाठीच्या सर्क्युलर सॉपेक्षा कटर स्वस्त पडतो. हिशेब केला तर त्या पात्याचे दात ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने पळत असतात.

हे टेबल मजबूत असतं का? बहुतेक वेळा असतं, आणि त्याचं कारण सोपं आहे. डगमगणारं टेबल स्वतःच चुगली करतं. पाय हलले की काप वाकडा जातो. मग सुतार पायांना आडवी-तिरपी पट्टी मारतो. लाकूड जिला टेकवून पुढे सरकवतात ती गाइड पट्टी पात्याला समांतर नसेल, मागच्या बाजूला अर्धा मिलिमीटर जरी जवळ आली, तरी लाकूड पात्यावर दाबलं जातं आणि कडा जळून काळी पडते. काळी कडा दिसली की मिस्त्री टेप घेऊन पात्याच्या पुढच्या आणि मागच्या दातापासून अंतर मोजतो. वर सनमायका चिकटवला की माल अलगद सरकतो.

लाकडाचं मशीन कुठवर नेता येतं, हे पाहायचं तर कॅनडातल्या मथायस वँडेल यांचे बँडसॉ, म्हणजे चाकांवरून पट्ट्यासारखं पातं फिरवणाऱ्या करवती, पाहाव्यात. तेव्हा ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर असलेल्या या गृहस्थांनी नोकरी सोडल्यावर घरच्या वर्कशॉपमध्ये लाकडाचीच यंत्रं बांधली. बँडसॉच्या पात्याला नीट ताण दिला, तर अर्ध्या इंची पात्यासाठीही सांगाड्यावर सहज दीडशे किलोचा भार येतो. तो पेलायला त्यांनी पट्ट्यांचे थर एकमेकांत गुंतवून चिकटवले. चाकं प्लायची, वर सायकलच्या ट्यूबचं रबर. चाक आधी स्वतःच्याच बेअरिंगवर बसवून फिरवायचं आणि फिरता फिरता तासायचं, म्हणजे जो काही तिरपेपणा असेल तो तिथेच निघतो. कडेपेक्षा मध्यभागी किंचित उंचवटा ठेवला की पातं आपोआप मध्याकडे चढतं. ओतीव लोखंडाशिवाय भागत नाही, ही समजूत त्यापुढे टिकत नाही.

डगमगणारं टेबल चुगली करतं, सुरक्षिततेचं मात्र तसं नाही. ती नसली तरी काप सरळच येतो. लाकूड कापल्यावर काप मिटून पातं चिमटू नये म्हणून चांगल्या मशीनमध्ये पात्यामागे पातळ पोलादी पट्टी असते. साइटवरच्या टेबलात ती सहसा नसते. मग लाकूड मागच्या, वर येणाऱ्या दातांवर चढतं आणि थेट कापणाऱ्याच्या पोटाकडे फेकलं जातं. त्याच झटक्यात हात पात्यावर ओढला जातो. कटर उलटा बसवताना त्याचं झाकण काढलेलं असतं. पात्याची उंची ठरलेली, म्हणून ६ मिलिमीटरच्या प्लायलाही नको तेवढं पातं उघडं. वेगळी ढकलकाठी करायला पाच मिनिटं लागत नाहीत, तरी शेवटचे दोन इंच बोटांनीच ढकलले जातात.

सगळ्यात वाईट गोष्ट स्विचची. कटरचं बटण दाबून अडकवलेलं, वायरी थेट सॉकेटमध्ये खोचलेल्या, बंद करायचं तर भिंतीपर्यंत जायचं. वीज गेली, सुतार पात्याजवळचा भुसा झटकायला लागला आणि तेवढ्यात वीज आली, तर? वीज गेल्यावर सुटणारा आणि परत आली तरी दाबल्याशिवाय न लागणारा स्विच मिळतो. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्येही ही सोय असतेच. तिच्यावर ऑटो स्विच लावून आपण ती निकामी करतो, तो भाग वेगळा. बोट लागताच पाच मिलिसेकंदांत पातं थांबवणारी अमेरिकन सॉस्टॉपची करामत घरी जमणारी नाही. पण टेबलाच्या पुढच्या कडेला, मांडीने ढकलून बंद करता येईल असा स्विच, पात्यामागची पोलादी पट्टी आणि एक ढकलकाठी, एवढं कुठल्याही साइटवर बसतं. मला विचाराल तर एवढं नसलेल्या टेबलाला, ते कितीही भक्कम असलं तरी, अपुरं बांधलेलं म्हणावं.

घरी पहिलंच मशीन बांधणाऱ्याने अशा टेबल सॉऐवजी बँडसॉ हाती घ्यावा. बांधायला तो किचकट आहे, पण त्याचं पातं लाकूड खाली, टेबलावर दाबतं. कापणाऱ्याकडे फेकत नाही. पातं तुटलं तर बाहेर उसळू नये म्हणून चाकांवर झाकण हवंच. बोटांना तोही दयामाया दाखवत नाही. मांसाच्या कारखान्यांत हाडं कापायला हेच यंत्र वापरतात.