मीठ, साखर आणि पाण्याची किमया

पावसाळ्याचे पहिले दोन आठवडे गेले की वर्गातली हजेरी उतरू लागते. पोट बिघडले होते, अशी चिठ्ठी येते. पालकसभेत आया भेटल्या की आम्ही विचारतो, पाणी देत होता ना? उत्तर बहुधा ठरलेले: पाणी कमीच केले होते, प्यायला की लगेच जुलाब होत होते. दादी-नानीच्या काळापासून चालत आलेली ही समजूत जिवावर बेतू शकते. जुलाबाने मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. नवजात बाळाच्या वजनाचे शंभरातले सुमारे पंचाहत्तर भाग पाणीच असते. एवढ्याशा जिवातला साठा आटायला वेळ लागत नाही.

मग नुसते पाणी पाजले तर? तेवढ्याने भागत नाही, आणि त्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. उर्दूत या शास्त्राला कीमिया म्हणतात. मराठीत तोच शब्द किमया होऊन जादूच्या अर्थाने राहिला. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात.

पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन असतात, पण एका ओळीत नव्हे, कोनात वाकलेले. त्यामुळे ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण भार आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन भार येतो. मीठ पाण्यात पडले की हे रेणू सोडियमला आणि क्लोराइडला वेगवेगळे घेरून टाकतात, आणि मीठ विरघळते. कार्बनची गोष्ट निराळी. त्याला चार हात, आणि तो स्वतःच्याच भावंडांचे हात धरून लांब साखळ्या करतो. तेल कार्बनचे, साखरही कार्बनचीच. तेलाच्या साखळीवर बहुतेक ठिकाणी नुसते हायड्रोजन असतात, पाण्याला धरायला काही मिळत नाही. ग्लुकोजच्या सहा कार्बनांना मात्र ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या लटकलेल्या असतात. पाणी त्यांना पकडते, म्हणून शरबत होते आणि तेल वर तरंगते.

आता आतड्याकडे वळू. आतड्याच्या पेशींवर एक दार असते. त्यातून ग्लुकोज एकटे आत जात नाही, सोडियमला सोबत घेऊनच जाते. दोघे आत गेले की पाणी त्यांच्या मागोमाग शोषले जाते. रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये ही कल्पना मांडली. कॉलऱ्याचे विष आतड्यातून पाणी बाहेर ओतायला लावते, पण हे दार मात्र शाबूत राहते. सारा इलाज या एका गोष्टीवर उभा आहे.

1971 मध्ये बांगलादेशाच्या युद्धातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबिस यांनी एका लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करून पिंपात भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. अशा साथीत जिथे शंभरातले वीस-तीस दगावत, तिथे हा आकडा चारच्या खाली आला. पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायका दारोदार फिरल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा लिटर पाणी हा हिशोब लाखो आयांना हाताने करून दाखवला. महालनबिस 2022 मध्ये गेले. पद्मविभूषण मिळाले ते मरणोत्तर, 2023 मध्ये. जरा उशीरच झाला, असे आम्हाला वाटते.

घरी दवाखान्यातली किंवा मेडिकलमधली ओआरएसची पुडी असेल तर तीच उत्तम, पुडीवर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात. नसेल तर उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. गोड जास्त केले तर मूल आवडीने पिईल, असे वाटून साखर वाढवू नका. आतड्यात साखर दाट झाली की ती उलट अंगातलेच पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. बाटलीतली थंड पेये म्हणूनच नकोत. मीठही वाढवू नका, ते बाळाला घातक ठरते.

आणखी एक गोष्ट आयांना आधीच सांगावी लागते. या पाण्याने जुलाब लगेच थांबत नाहीत. ते गेलेले भरून काढते, एवढेच त्याचे काम. दोनदा पाजून गुण नाही म्हणून सोडून देणे, हे आम्ही फार पाहतो. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. डोळे खोल गेले, टाळू दबली, लघवी थांबली, मूल मलूल पडले किंवा शौचातून रक्त गेले तर दवाखाना गाठावा.

भाताची पेजही कामाची आहे. तांदळातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजचीच लांबलचक साखळी. ती आतड्यात हळूहळू तुटते, एकेक ग्लुकोज त्या दाराशी पोहोचते, आणि एकदम पुष्कळ साखर जमा होत नसल्याने पाणी उलटे ओढले जात नाही. पेज पातळ ठेवायची आणि त्यात थोडे मीठ घालायला विसरायचे नाही.